हे गेले म्हणजे कुठे गेले?

ताई,

मी पुण्यात एस.वाय. बीएस्सीला आहे, फिजिक्स घेऊन. मागच्या महिन्यात माझे आजोबा गेले. वय ८२. दहाव्याला ओंकारेश्वरावर कावळा पिंडाला शिवेना. मोठे काका हात जोडून म्हणाले, "नातीचं शिक्षण पुरं करू, तुम्ही काळजी करू नका." दोन मिनिटांत कावळा शिवला. सगळे माझ्याकडे बघून रडले. मीही रडले, आणि रडता रडता मनात म्हणत होते की माणसं मागे सरली म्हणून कावळा आला.

तेराव्याला एका प्रवचनकारांना बोलावलं होतं. ते म्हणाले, ऊर्जा नष्ट होत नाही हे आइन्स्टाइनने सांगितलंय, आत्मा म्हणजे ऊर्जा, म्हणून आत्मा अमर. शिवाय बघणारा नसेल तर जगच नसतं हे क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय. तुकोबांचं 'अणुरणिया थोकडा'ही त्यात आलं. जेवणं झाल्यावर आतेभाऊ म्हणाला, हे सगळं थोतांड आहे. बिग बँगनंतर देवाची गरज उरलेली नाही, विश्व शून्यातून आपोआप झालं, आणि आजोबा म्हणजे अणू होते, ते विखुरले. मग दोघांच्या मध्ये मला उभं केलं. "तू फिजिक्सवाली, तू सांग." मी गप्प राहिले.

त्यात गुरुजींनी बाबांना सांगितलंय की आजोबा पंचकात गेले, शांती केली नाही तर घरातलं आणखी कुणी जाईल. बाबा घाबरलेत.

पण पत्र लिहायचं खरं कारण आजी आहे. रात्री मी तिच्याजवळ झोपते. परवा ती म्हणाली, "हे गेले म्हणजे नक्की कुठे गेले गं? तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?" मी म्हटलं, "माहीत नाही गं आजी." ती कुशीवर वळली. बऱ्याच वेळाने आपणहून लग्नाचं सांगायला लागली. १९६६ चा वैशाख. रात्री अंगणात अरुंधती दाखवली, तर हिला काही दिसेचना. आजोबा हळूच म्हणाले, "दिसली म्हण, नाहीतर सोडणार नाहीत."

मी तिला काय सांगायला हवं होतं? आणि रोज फोटोपुढे दिवा लावते, तेव्हा मी माझ्या विषयाशी खोटं वागते का?

— एक नात, नारायण पेठ

प्रिय नातीस,

आधी बाबांचं बघू. त्यांची भीती आजची आहे, बाकीचे प्रश्न थोडे थांबू शकतात.

पंचक म्हणजे चंद्र धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत असतो तो काळ. २७ नक्षत्रांपैकी साडेचार. चंद्र साधारण २७ दिवसांत सगळी नक्षत्रं फिरून येतो, म्हणजे दर फेरीतले साडेचार-पाच दिवस पंचकाचे. मृत्यू पंचांग बघून येत नाही, त्यामुळे जाणाऱ्यांपैकी साधारण दर सहावा माणूस पंचकातच जातो. वैकुंठ स्मशानभूमीत रोज जेवढी माणसं शेवटची पोचवली जातात, त्यांतल्या दर सहाव्या घरावर जर पुढच्या मृत्यूंचं सावट असतं, तर ते झाकून राहिलं असतं का? पेठेतल्या प्रत्येक वाड्याला ती उदाहरणं तोंडपाठ असती. हा भागाकार बाबांसमोर बसून कागदावर कर. वाद घालू नकोस, त्यांचे वडील गेलेत. शांती करून त्यांच्या मनाला बरं वाटणार असेल तर त्यांनी ती करावी, पण कुणी मरेल या धाकाने एक रुपयाही जाऊ नये, एवढं स्पष्ट सांग. हे तुलाच सांगावं लागेल, कारण घरात हिशोब मांडू शकणारी आणि त्यांना दुखावू न इच्छिणारी अशी दोन्ही तूच आहेस.

इथून सुरुवात करण्याचं आणखी एक कारण आहे. विज्ञानाचं क्षेत्र वेगळं, धर्माचं वेगळं, एकाने दुसऱ्यात पडू नये, असं म्हणून पुष्कळ शहाणी माणसं विषय मिटवतात. मला ते कधी पटलं नाही. धर्माच्या नावाने जेव्हा मोजता येईल अशी गोष्ट सांगितली जाते, तेव्हा ती मोजायची. आपल्याच गावात हे झालेलं आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांतल्या २०० पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४०, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढंच सांगायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ती सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के येतात. या चाचणीत कुणाच्या श्रद्धेची टिंगल नव्हती. एक दावा होता, तो तपासला.

म्हणून तुला एक प्रश्न हाताशी ठेवायला सांगते. 'फिजिक्सने सिद्ध केलंय' असं कुणीही म्हणालं, मग तो कुठल्याही बाजूचा असो, की विचारायचं: कोणत्या प्रयोगात काय मोजलं?

आता प्रवचनकार. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आइन्स्टाइनचा नाही. तो मायर, जूल, हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून १८४० च्या दशकात उभा राहिला, तेव्हा आइन्स्टाइन जन्मालाही यायचे होते. पण चूक नावापुरती असती तर मी सोडून दिली असती. खरी चूक खोल आहे. विश्रांती घेत असलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. माणूस गेला की ती ऊब तासाला एखाद्या अंशाने उतरत जाते, खोलीच्या हवेत मिसळते. उरलेली रासायनिक ऊर्जा दहनात मोकळी होते. हिशोब लागतो, ऊर्जेच्या मापातला एक जूलही हरवत नाही. आजोबांची ऊर्जा कुठे गेली याचं उत्तर फिजिक्सकडे आहे आणि ते अगदी पूर्ण आहे. म्हणूनच ते आजोबांबद्दलचं उत्तर नाही. (हे मी तुला सांगते आहे. आजीला यातलं एक अक्षर सांगू नकोस.)

भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण सगळे लकडी पुलावरून मुठेचं पाणी बघायला जातो. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असतं, खांबांपाशी भोवरे धरतात. एखादा भोवरा चांगला घटकाभर टिकतो, आपण त्याला ओळखायलाही लागतो, आणि मग तो मोडतो. पाणी थेंबभरही कमी झालेलं नसतं. भोवरा म्हणजे पाणी नव्हे, पाण्याची एक चाल, एक घडण. पाणी टिकतं म्हणून भोवरा टिकतो असं कुणी म्हणणार नाही. ऊर्जा टिकते म्हणून माणूस टिकतो, हे म्हणणं तसंच आहे.

आणि ऊर्जेचा नियमसुद्धा समजतो तितका सरळ नाही. अख्ख्या प्रसरण पावणाऱ्या विश्वाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. सुरुवातीच्या काळातला जो प्रकाश आज आपल्यापर्यंत पोचतो, त्याची लहर ताणली गेली आहे, त्यातली ऊर्जा घटली आहे, आणि ती दुसऱ्या कुठल्या खात्यात जमा झाली असं दाखवता येत नाही. आत्म्याचं अमरत्व ज्याला या नियमावर टेकवायचं आहे, त्याने पाया नीट बघून घ्यावा.

पण माझं मन जास्त दुखतं ते गीतेसाठी. दुसऱ्या अध्यायात आत्म्याबद्दल काय म्हटलंय ते आठव. शस्त्र त्याला तोडत नाही, अग्नी जाळत नाही, पाणी भिजवत नाही, वारा सुकवत नाही. पुढच्याच श्लोकांत शब्द येतो 'अविकार्य', म्हणजे ज्यात बदल होत नाही ते. आता ऊर्जा बघ. ऊर्जेचं सगळं जगणंच रूप बदलण्यात आहे. उष्णतेची गती होते, गतीची वीज होते, विजेचा प्रकाश होतो. ऊर्जा पाणी उकळते आणि उकळून वाफेबरोबर निघून जाते. गीता ज्याला आत्मा म्हणते तो मोजमापाच्या कुठल्याही साधनाला स्पर्शू न देणारा आहे. तो आहे की नाही, हा विश्वासाचा आणि अनुभवाचा प्रश्न. पण तो ऊर्जा आहे असं म्हणणाऱ्याने फिजिक्स तर चुकवलंच, आणि गीताही चुकवली. सातशे श्लोकांना प्रयोगशाळेचा शिक्का लागतो असं ज्याला वाटतं, त्याचा त्या श्लोकांवर भरवसा किती असेल? तुकोबांचंही तेच. 'अणुरणिया थोकडा' म्हणणारे तुकोबा हायड्रोजनबद्दल बोलत नव्हते. 'तुका आकाशाएवढा' हे ज्याला आतून कळतं त्याला अणूची त्रिज्या सांगून काही वाढत नाही.

दुसरा मुद्दा, बघणाऱ्याशिवाय जग नसतं. या वर्षी किंवा पुढच्या वर्षी तू दोन फटींचा प्रयोग शिकशील, तेव्हा हा भाग पुन्हा काढून वाच. दोन बारीक फटींतून इलेक्ट्रॉन सोडले की पडद्यावर पट्ट्यांची नक्षी उमटते, आणि इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला ते टिपलं की ती नक्षी जाते, हे खरं आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी तिथे 'ऑब्झर्व्हर' हा शब्द वापरला, आपण त्याचं 'निरीक्षक' केलं, निरीक्षकाचा 'साक्षी' झाला, आणि साक्षी म्हटलं की आपल्याकडे थेट वेदान्त सुरू होतो. शब्दांच्या या उतरंडीने फार घोळ घातला आहे. व्हिएन्नाच्या एका गटाने १९९९ मध्ये कार्बनचे ६० अणू असलेल्या फुटबॉलसारख्या रेणूंची अशीच नक्षी मिळवून दाखवली. पुढे २००४ मध्ये त्यांनी ७० अणूंचे रेणू घेतले आणि वाटेत लेझरने तापवले. एवढा तापलेला रेणू स्वतःच प्रकाश टाकतो, जसा लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा तुकडा. रेणू जितके जास्त तापवले तितकी नक्षी पुसट होत गेली आणि शेवटी गेली. तो प्रकाश कुणी पाहिला नाही, टिपला नाही. रेणू कुठे आहे याची खबर त्या प्रकाशाबरोबर बाहेर पडली, एवढंच पुरलं. मन लागलं नाही, डोळे लागले नाहीत.

सगळं सुटलंय असं मात्र समजू नकोस. मोजल्यावर अनेक शक्यतांतून एकच का हाती येते, यावर आजही मोठमोठ्या माणसांत मतभेद आहेत. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये जाणिवेला खरोखरच त्यात जागा दिली होती आणि नंतर ते मत त्यांनी सोडलं. क्वांटम फिजिक्सच्या जनकांपैकी एक, श्रोडिंगर, वेदान्त मनापासून वाचत. १९४४ च्या आपल्या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी आत्मा आणि ब्रह्म एकच, या विचाराबद्दल लिहिलंही. पण लिहिण्याआधी त्यांनी नमूद केलं की हे माझं वैयक्तिक मत आहे, आधीच्या प्रकरणांतलं शास्त्र वेगळं. तेराव्याच्या त्या प्रवचनात मला एवढीच गोष्ट हवी होती. श्रोडिंगरनी जी रेघ ओढली ती.

तुझा आतेभाऊ. त्याच्या बोलण्यात फिजिक्स जास्त आहे म्हणून ते जास्त खरं वाटतं, आणि म्हणूनच तिथे जास्त सावध राहायला हवं. आजचं विश्व १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय तप्त आणि दाट होतं, तेव्हापासून ते पसरतंय, याचा पुरावा भक्कम आहे. त्या उष्णतेची राख म्हणावी असं प्रारण (रेडिएशन) सगळ्या दिशांनी येतं, आज त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश आहे, आणि १९६५ मध्ये ते ओळखलं गेलं. पण मागे मागे जात अगदी आरंभाच्या क्षणाशी पोचलं की आपली समीकरणं उत्तर देईनाशी होतात. त्याच्या पलीकडे जे लिहिलं जातं तो शोध आहे, निकाल नाही.

या कल्पनेचा इतिहास मला वर्गात सांगायला फार आवडायचा. मांडणी केली ती जॉर्ज लमेत्र या बेल्जियन पाद्र्याने, १९२७ आणि १९३१ मध्ये. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात म्हटलं की विज्ञानाने सृष्टीच्या निर्मितीला जणू दुजोराच दिला. लमेत्र स्वतः श्रद्धावान, झग्यातला माणूस, त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला ते मुळीच रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांच्या बाहेर उभा आहे, ही त्याची भूमिका शेवटपर्यंत राहिली. समोर होते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, नास्तिक. विश्वाला आरंभ आहे यातच त्यांना धर्माचा वास यायचा. १९४८ मध्ये त्यांनी आणि बाँडी व गोल्ड या दोघांनी आरंभ नसलेल्या 'स्थिर-स्थिती' विश्वाची बाजू मांडली, आणि १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना विरोधी सिद्धांताला 'बिग बँग' म्हणाले. ते नाव त्यालाच चिकटलं. या हॉईल यांचे विद्यार्थी आपले नारळीकर. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात त्यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि २०२५ च्या मे महिन्यात जाईपर्यंत त्यांनी बिग बँगवरच्या शंका लपवल्या नाहीत. ज्या संस्थेत बहुतेकजण दुसऱ्या मताचे, ती संस्था त्यांनी घडवली. पुरावा पाद्र्याच्या बाजूने झुकला, पण त्याने ना देव सिद्ध झाला ना नास्तिक हरला. ज्याने तुझ्या भावाला बिग बँग देवाविरुद्ध वापरायला शिकवलं, त्याने हा अर्धा इतिहास गाळला.

आणि 'शून्यातून आपोआप'. फिजिक्समधलं रितेपण म्हणजे काहीच नसणं नव्हे. त्यात क्षेत्रं असतात, त्यांची थरथर असते, नियम असतात. खात्यात शिल्लक शून्य असणं वेगळं आणि बँकच नसणं वेगळं. शून्य शिल्लक असलेल्या खात्यात उद्या पैसे येऊ शकतात, कारण खातं आहे, व्यवहाराचे नियम आहेत. हे सगळं मुळात आहे तरी का, काहीच नसतं तर काय बिघडलं असतं, या प्रश्नापाशी फिजिक्स पोचू शकत नाही. कमी पडतं म्हणून नव्हे. कुठलंही स्पष्टीकरण काहीतरी हातात धरूनच सुरू होतं. आणि इथे तर हातात धरायचं तेच विचारलेलं आहे. मी स्वतः या प्रश्नापुढे रोज उभी राहते, आणि मला देव मानावासा वाटतो की नाही हे मी तुला मुद्दाम सांगणार नाही, कारण तू ते फिजिक्सचं मत म्हणून घरी नेशील.

आता आजी.

माझे वडील १९९४ मध्ये गेले. मी तेव्हा नुकती शिकवायला लागले होते. तिसऱ्या दिवशी आई तुझ्या आजीसारखंच काहीतरी म्हणाली, आणि मी तिला मोठ्या प्रेमाने सांगितलं की दादांच्या शरीरातलं लोखंड कधीकाळी एका ताऱ्यात तयार झालं होतं, ते कुठेही जात नाही, फिरत राहतं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला अणू नकोत गं. मला हाक हवी." त्यानंतर बरेच महिने तिने माझ्याशी दादांचा विषय काढला नाही. मी खरं तेच बोलले होते. तरी मी तिचा प्रश्न ऐकला नव्हता.

तुझं तसं झालेलं नाही. तू म्हणालीस माहीत नाही, आजी कुशीवर वळली, आणि तुला वाटलं तू तिला एकटं टाकलंस. पुढची ओळ तूच लिहिली आहेस. ती बोलायला लागली. साठ वर्षांपूर्वीच्या अंगणातली, नवऱ्याच्या कानगोष्टीची गोष्ट. तू 'आत्मा अमर असतो आजी' म्हणाली असतीस तर ती 'हो गं बाई' म्हणून झोपली असती. 'आजोबा अणू होते' म्हणाली असतीस तर तिने तुझ्याशी बोलणं थांबवलं असतं. तुझ्या 'माहीत नाही'मध्ये जागा होती, त्या जागेत ती गोष्ट येऊन बसली. तिने पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांग, आणि या वेळी पुढे विचार: तुला काय वाटतं आजी, कुठे असतील? तिचं उत्तर वैकुंठ असो, विठ्ठलाचे पाय असोत की नुसता हुंदका असो, ते दुरुस्त करू नकोस.

तरी तुझ्या विषयाकडे तिला द्यायला काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतात एक गोष्ट आहे जिच्याकडे आपण परीक्षेपुरतं बघतो. दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, हे बघणारा किती वेगाने कुठे चालला आहे त्यावर ठरतं. म्हणजे सगळ्या विश्वाला मिळून एक 'आत्ता' नाही. मग जे होऊन गेलं ते नाहीसं झालं, असं विश्वाच्या वतीने कोण म्हणणार? गाडी खंडाळ्याला पोचली म्हणजे लोणावळा पुसलं गेलं असं नसतं, आपण तिथे नाही एवढंच असतं. काळाकडे असं बघणारे पुष्कळ भौतिकशास्त्रज्ञ आहेत. सगळे नाहीत, आणि हा प्रयोगाचा निकाल नसून सिद्धांताचा एक अर्थ आहे, हेही ध्यानात ठेव. आइन्स्टाइन यांचा तरुणपणापासूनचा मित्र मिकेले बेस्सो १९५५ च्या मार्चमध्ये गेला, तेव्हा त्यांनी त्याच्या घरच्यांना लिहिलं की आपल्यासारख्या भौतिकशास्त्र मानणाऱ्यांना भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला फरक हा एक चिवट भास आहे. महिन्याभरात, १८ एप्रिलला, आइन्स्टाइनही गेले. यात पुनर्भेटीचं वचन नाही. आजोबा अजून जिवंत आहेत असंही यात नाही. पण त्यांची ८२ वर्षं झाली, आणि झालेली आहेत, ती कुणाला मागे घेता येत नाहीत. मला स्वतःला याचा आधार वाटतो. आईच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं.

दिव्याचं विचारलंस. तू दिवा लावतेस तेव्हा काही सिद्ध करत नाहीस, कसलंही मोजमाप खोटं करत नाहीस. लाव. कावळ्याबद्दल तू मनात म्हणालीस ते बरोबर होतं, आणि काकांनी चार माणसांत तुझ्या शिक्षणाचा शब्द दिला तोही खरा आहे. तो त्यांना पाळायला लाव.

आणि आता वैशाख आहेच. आकाश मोकळं असेल त्या रात्री नवाच्या सुमाराला आजीला गच्चीवर ने. पेठेतल्या दिव्यांत सप्तर्षी फिके दिसतात, पण उत्तरेला उंचावर असतात, सापडतील. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक ती अरुंधती. आयुकाच्या व्याख्यानांना येणाऱ्या तुझ्या एखाद्या मैत्रिणीकडे दुर्बीण नक्की असेल, ती मागून आण, आजीच्या डोळ्यांना लागेल. दोन्ही तारे आपल्यापासून सुमारे ८२ प्रकाशवर्षं दूर आहेत. म्हणजे आज जो प्रकाश दिसेल तो निघाला तेव्हा आजोबा पाळण्यात होते. आणि १९६६ च्या त्या रात्री, आजोबा आजीच्या कानाशी लागून 'दिसली म्हण' म्हणत होते तेव्हा, अरुंधतीवरून जो प्रकाश निघाला, तो अजून वाटेतच आहे. २०४८ च्या सुमाराला पोचेल. हे आजीला सांगायचं की नाही ते तिथे, तिच्या शेजारी उभी राहून ठरव. पण आधी तिला तो तारा नीट दिसू दे. या खेपेला खोटं 'दिसली' म्हणायला लावू नकोस.

तुझी,
ताई